उरलेल्या द्रावणाचे काय? : शाश्वततेचे शिक्षण आणि रसायनाच्या विद्यार्थ्याची ओळख

आपल्याकडे 'केमिस्ट' म्हटले की डोळ्यांपुढे येतो तो औषधाच्या दुकानातला माणूस. एम.एस्सी. ऑरगॅनिक झालेल्या मुलीने नातेवाइकांना 'मी केमिस्ट आहे' असे सांगितले तर पुढचा प्रश्न 'दुकान कुठे टाकलंय?' असा येण्याची शक्यता बरीच. हे केवळ आपल्याकडचे नाही. रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीने २०१५ साली ब्रिटनमधल्या सर्वसामान्य लोकांची रसायनशास्त्राविषयीची मते जाणून घेतली, तेव्हा तिथेही 'केमिस्ट' या शब्दाने लोकांच्या मनात आधी औषधविक्रेताच उभा राहतो असे दिसले. त्याच पाहणीतली दुसरी गोष्ट अधिक लक्षवेधी आहे. लोक आपल्या शास्त्राबद्दल फार वाईट बोलत असतील, अशी रसायनशास्त्रज्ञांची समजूत होती. प्रत्यक्षात बहुतेक लोक तटस्थ निघाले. लोकांच्या मनातल्या रसायनाच्या प्रतिमेपेक्षा, लोकांच्या मनात ती प्रतिमा कशी असेल याविषयी रसायनशास्त्रज्ञांचा अंदाजच जास्त काळा होता.

हा अंदाज कुठे तयार होतो? माझ्या मते वर्गात आणि घरात, दोन्हीकडे. आंब्याच्या दिवसांत विक्रेता छातीवर हात ठेवून सांगतो, 'केमिकलने पिकवलेला नाही.' त्याच्या मनात असते कॅल्शियम कार्बाइड. पाण्याच्या अंशाने त्यातून ॲसिटिलीन वायू सुटतो आणि फळाला रंग येतो. औद्योगिक कार्बाइडमध्ये आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असू शकतात, म्हणून फळे पिकवण्यासाठी त्याच्या वापरावर आपल्या अन्नसुरक्षेच्या नियमांनुसार बंदी आहे. पण रायपनिंग चेंबरमध्ये रीतसर सोडला जाणारा एथिलीन हाही केमिकलच, आणि अढीत ठेवलेला आंबा स्वतः तयार करतो तोही एथिलीनच. हा फरक घरी समजावून सांगू शकणारी व्यक्ती बहुधा एकच असते, रसायनशास्त्र शिकणारी. आणि 'तुमच्या केमिकलमुळेच हे सगळं होतं' हे ऐकून घेणारीही तीच. 'तुमच्या' या शब्दाकडे लक्ष द्यावे. विषय शिकता शिकता त्या विषयाच्या पापपुण्याचा सातबाराही विद्यार्थ्याच्या नावावर चढतो.

विज्ञानशिक्षणाच्या संशोधनात गेली वीसेक वर्षे 'ओळख' हा विषय मध्यवर्ती झाला आहे तो याच कारणाने. 'मुलांना विज्ञान कळते का?' हा जुना प्रश्न. 'मुलांना विज्ञान आवडते का?' हा त्यानंतरचा. पण लंडनच्या किंग्ज कॉलेजमध्ये लुईझ आर्चर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली सुरू केलेल्या 'ॲस्पायर्स' या दीर्घ प्रकल्पाने दाखवून दिले की, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे होकारार्थी असूनही पुढची वाट बंद असू शकते. दहा ते चौदा वयोगटातल्या बहुसंख्य मुलांना विज्ञान आवडत होते, शिक्षकांविषयीही तक्रार नव्हती. पण मोठेपणी शास्त्रज्ञ व्हायचे आहे असे म्हणणारी मुले होती साधारण पंधरा टक्के. विज्ञान 'करणे' आणि विज्ञानाचे माणूस 'असणे' यांत अंतर आहे, असे या संशोधकांचे म्हणणे. प्रयोग आवडतो, पण 'हे माझ्यासारख्यांचे काम आहे' असे वाटत नाही.

हे वाटणे कशाचे बनलेले असते? अमेरिकेत हायडी कार्लोन आणि अँजेला जॉन्सन यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास या क्षेत्रात पुन्हापुन्हा आधाराला घेतला जातो. विज्ञान शिकून त्यातच पुढे गेलेल्या, गौरेतर समाजांतल्या पंधरा स्त्रियांच्या अनुभवांवर तो आधारलेला आहे. त्यांनी ओळखीचे तीन घटक मांडले : विषयाची जाण, ती चारचौघांत करून दाखवण्याची संधी, आणि 'ही विज्ञानाची माणूस आहे' अशी इतरांनी दिलेली मान्यता. तिसऱ्या घटकावर बरेच काही अडते. पंधराजणींपैकी काहींना प्रस्थापित शास्त्रज्ञांकडून मान्यता मिळाली आणि त्या संशोधनात रुजल्या. काहींना ती नाकारली गेली, किंवा शास्त्रज्ञ म्हणून न पाहता आधी बाई म्हणून, वर्णाने वेगळी म्हणून पाहिले गेले. त्यांची वाट खडतर झाली. तिसरा गट आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा. या स्त्रियांनी शास्त्रज्ञ असण्याचा अर्थच स्वतःपुरता बदलून घेतला. विज्ञान हे त्यांच्यासाठी लोकांच्या उपयोगी पडण्याचे साधन होते आणि मान्यता कुणाकडून हवी हेही त्यांनीच ठरवले. संशोधकांनी त्यांना परोपकारी शास्त्रज्ञ म्हटले. पर्यावरणाची काळजी असलेल्या विद्यार्थ्याला रसायनशास्त्रात अशी जागा मिळते का, हा शाश्वततेच्या शिक्षणाचा खरा प्रश्न आहे.

'शाश्वत' या शब्दाविषयी एक कुरबूर इथेच नोंदवतो. सरकारी मराठीत 'शाश्वत विकास' रूढ झाला आहे आणि आता त्याला इलाज नाही. पण शाश्वत म्हणजे कधीच न संपणारे, आणि रसायनशास्त्र असले वचन कुणालाच देत नाही. आपल्या घरांत यासाठी फार चांगले क्रियापद होते : पुरवणे. तेल पुरवून वापर, साखर पुरवून वापर. त्यात मोजमाप आहे, महिनाअखेरीचे भान आहे आणि मागून जेवणाऱ्या माणसाचा विचारही आहे.

आता आपल्या अभ्यासक्रमात हे पुरवणे कुठे बसवले आहे ते पाहू. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली पर्यावरणशिक्षण सर्व स्तरांवर आणण्याचा आदेश दिला. त्यातून पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाचा पदवीस्तरावरचा सहा महिन्यांचा सक्तीचा अभ्यासक्रम आला, पुण्याचे डॉ. इराक भरुचा यांनी त्यासाठी लिहिलेले पुस्तक देशभर वापरले गेले. महाराष्ट्रात अकरावी-बारावीला 'पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा' हा सक्तीचा विषय आहे; त्याला श्रेणी मिळते. न्यायालयाचा हेतू उत्तमच होता. परिणाम मात्र असा झाला की पर्यावरण हा 'तो दुसरा पेपर' झाला, शेवटच्या आठवड्यात प्रकल्पाची वही पुरी करून द्यायचा. रसायनशास्त्राच्या तासाला त्याची सावलीही पडेना.

रसायनशास्त्राच्या आत तो नाहीच असे नाही. बारावीच्या बालभारतीच्या सध्याच्या पुस्तकात हरित रसायनशास्त्र आणि अब्जांश रसायनशास्त्र यांवर एक प्रकरण आहे. सोळावे. पुस्तकात प्रकरणेही सोळाच. एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकात पर्यावरणीय रसायनशास्त्राचे प्रकरण होते, तेही चौदावे, म्हणजे शेवटचेच. २०२२ च्या काटछाटीत ते गेले. शेवटच्या प्रकरणाचे नशीब मराठी शाळेत शिकलेल्या कुणालाही सांगायला नको. डिसेंबर संपत आलेला असतो, सराव परीक्षा डोक्यावर असतात, आणि 'हे घरी वाचा' असे म्हटले जाते. विद्यार्थी त्यातून जे शिकतो ते त्या प्रकरणात छापलेले नसते : खरे रसायनशास्त्र पहिल्या पंधरा प्रकरणांत संपते, काळजी ही त्यानंतरची गोष्ट आहे.

शेवटचे प्रकरण पुढे आणल्यानेही फार फरक पडेल असे मला वाटत नाही. ओळख घडते ती प्रयोगशाळेत. बी.एस्सी.ला बहुतेकांनी केलेले एक अनुमापन घेऊ : लोहाचे प्रमाण काढण्यासाठी पोटॅशियम डायक्रोमेटचे. ब्युरेटमध्ये नारिंगी डायक्रोमेट, खाली शंकुपात्रात मोहरच्या क्षाराचे आम्लधर्मी द्रावण, दर्शक म्हणून डायफिनिलअमाइन. जांभळा रंग आला की थांबायचे. तीन वाचने, सरासरी, सूत्र, उत्तर, सही. उत्तर बरोबर आले की प्रयोग संपला, आणि ब्युरेटमध्ये उरलेले बेसिनमध्ये ओतायचे.

हे उरलेले किती असते, याचे गणित त्याच वहीत करता येते. ०.१ नॉर्मल द्रावणात लिटरमागे ४.९ ग्रॅम डायक्रोमेट असते. ब्युरेटमध्ये वीस मिलिलिटर उरले, तर सुमारे ९८ मिलिग्रॅम. त्यातले क्रोमियम जवळजवळ ३५ मिलिग्रॅम, आणि तेही षट्संयुजी, म्हणजे कर्करोगकारक म्हणून ओळखले जाणारे. पिण्याच्या पाण्यात एकूण क्रोमियमची भारतीय मानकाची मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम आहे. म्हणजे एका विद्यार्थ्याच्या ब्युरेटमधले उरलेसुरले त्या मर्यादेपर्यंत पातळ करायला सुमारे ७०० लिटर पाणी लागेल. वीसजणांच्या तुकडीला चौदा हजार लिटर. लोहाचे प्रमाण दशांशाच्या दुसऱ्या स्थळापर्यंत काढणाऱ्या विद्यार्थ्याला हे गणित अवघड नाही. त्याला ते कुणी विचारलेले नसते, एवढेच.

आणि गंमत अशी की उत्तर त्याच प्रयोगात दडलेले आहे. अनुमापनात जे घडते, षट्संयुजी क्रोमियमचे फेरस लोहाने त्रिसंयुजी क्रोमियम होणे, तेच तर उपचार म्हणून हवे असते. उरलेले डायक्रोमेट एका बाटलीत गोळा करायचे, त्यात आम्ल असताना उरलेले फेरस द्रावण जरुरीपेक्षा जास्त घालायचे; नारिंगी जाऊन हिरवट रंग येतो. मग धुण्याच्या सोड्याने पीएच आठ-नऊपर्यंत नेला की क्रोमियम आणि लोह यांची हायड्रॉक्साइडे तळाशी बसतात. गाळ मातकट आणि ओंगळ दिसतो. पण त्रिसंयुजी क्रोमियम कितीतरी कमी विषारी आहे, आणि ते आता गटारात नसून गाळणकागदावर आहे. जो विद्यार्थी हे करतो तो एकाच अभिक्रियेकडे दोनदा पाहतो : एकदा मोजणारा म्हणून, एकदा निस्तरणारा म्हणून. कार्लोन-जॉन्सन यांच्या भाषेत सांगायचे, तर त्याला आपली जाण करून दाखवायची एक नवी जागा मिळाली. तिसऱ्या घटकाचे, मान्यतेचे, काय? जर्नलमध्ये सही उत्तराखाली होते. गाळाखाली कुणी सही करत नाही.

प्रयोगशाळेची आणखी एक परंपरा आहे, आणि ती थेट 'मी कोण' याच्याशी भिडते. सॉल्ट ॲनालिसिसच्या दुसऱ्या गटासाठी किप्स अपॅरेटसमधून हायड्रोजन सल्फाइड सोडला जाई. फेरस सल्फाइडवर सौम्य आम्ल, आणि मजलाभर सडक्या अंड्यांचा वास. जुन्या पिढीतले रसायनवाले या वासाच्या आठवणी सैन्यातल्या आठवणींसारख्या सांगतात. ॲप्रनला पडलेली आम्लाची भोके, तोंडाने ओढलेले पिपेट, नायट्रिक आम्लाने पिवळी झालेली बोटे, ही सगळी पदकेच. आता हा वायू नुसता दुर्गंधी नाही. तो चांगलाच विषारी आहे, आणि त्याचे प्रमाण फार वाढले की नाकाची जाणीवच बधिर होते, म्हणजे 'वास गेला' हे सुटकेचे नव्हे तर धोक्याचे लक्षण असू शकते. काही ठिकाणी त्याऐवजी थायोअॅसिटमाइड आले. ते पाण्यात तापवले की हवा तेवढा वायू जागच्या जागी मिळतो. पण थायोअॅसिटमाइड स्वतः संशयित कर्करोगकारकांच्या यादीत आहे. अशा अदलाबदलीचा हिशेब मांडणे हेच रसायनशास्त्राचे शिक्षण असायला हवे. वास सोसण्याच्या तयारीवरून खरा केमिस्ट ओळखायचा ही रीत मात्र कितीतरी मुलामुलींना दारातूनच परत पाठवते, आणि जे आत येतात त्यांना सुरक्षिततेची चौकशी करणे हे भित्रेपणाचे वाटू लागते. पुढे हीच मुले प्लांटवर शिफ्ट-इन्चार्ज होतात.

जर्मनीतल्या ब्रेमेन विद्यापीठात इंगो आयल्क्स आणि त्यांचा गट शाळाशिक्षकांना बरोबर घेऊन वर्षानुवर्षे याच विषयावर काम करत आहे. शाश्वतता रसायनाच्या वर्गात आणण्याचे चार मार्ग त्यांनी २०१२ साली मांडले : प्रयोगच हरित करणे, हरित रसायनशास्त्र हा आशय म्हणून शिकवणे, समाजात वाद असलेला एखादा रसायनाचा प्रश्न वर्गात घेणे, आणि सारी शाळाच त्या दिशेने नेणे. आपल्याकडे पहिले दोन मार्ग थोडेफार आहेत. केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने पदवीच्या प्रयोगांच्या हरित आवृत्त्यांची पुस्तिकाच काढली. ॲसिटॅनिलाइडचे ब्रोमिनीकरण द्रवरूप ब्रोमीन न हाताळता पोटॅशियम ब्रोमाइड आणि सेरिक अमोनियम नायट्रेट वापरून कसे करावे, हे तीत आहे. तिसरा मार्ग मात्र आपल्या वर्गांना अनोळखी आहे.

ब्रेमेनच्या गटाचा प्लॅस्टिकवरचा पाठ त्याचा नमुना आहे. जर्मनीत 'श्टिफ्टुंग वॉरेनटेस्ट' नावाची १९६४ पासूनची ग्राहक-चाचणी संस्था आहे. ती वस्तूंना शाळेसारखे गुण देते. विद्यार्थ्यांनी या संस्थेतले परीक्षक व्हायचे. पीव्हीसी, पॉलिएथिलीन आणि स्टार्चपासून केलेले प्लॅस्टिक अशा तिघांचे गुणधर्म, उत्पादन आणि विल्हेवाट अभ्यासायची, मग वेगवेगळ्या निकषांवर गुण द्यायचे आणि कोणत्या निकषाला किती वजन हेही आपणच ठरवायचे. इथे पाठाची कळ आहे. वजने बदलली की पहिला नंबर बदलतो. माहिती रसायनशास्त्र देते. वजने माणसे ठरवतात, आणि त्यावर वर्गात भांडण होते. 'स्टार्चचे, म्हणजे चांगलेच' म्हणणाऱ्याला शेतजमीन आणि खत मोजावे लागते. 'प्लॅस्टिक वाईट' म्हणणाऱ्याला रक्ताच्या पिशवीचे काय करायचे ते सांगावे लागते. रसायन येणाऱ्या विद्यार्थ्याच्या शब्दाला या भांडणात वजन येते, आणि तेही गुणपत्रिकेशिवाय. अशाने किती मुले पुढे रसायनशास्त्राकडे वळतात, हे एका पाठावरून कुणी सांगू नये. आवड आणि ओळख यांत अंतर आहे हे आपण वर पाहिलेच.

हरित रसायनशास्त्राचा आशय शिकवतानाही एक सापळा असतो. पॉल अनास्टास आणि जॉन वॉर्नर यांची १९९८ ची बारा तत्त्वे मुले पाठ करतात. बॅरी ट्रॉस्ट यांची अणू-काटकसर सूत्रासकट येते, आणि उदाहरण ठरलेले : आयबुप्रोफेन. जुनी सहा टप्प्यांची पद्धत, वापरलेल्या अणूंपैकी ४० टक्केच औषधात. नवी तीन टप्प्यांची, ७७ टक्के. उदाहरण चोखच आहे, फक्त ते कारखान्याच्या फाटकाशी थांबते. कॅनडातले पीटर महाफी आणि त्यांचे सहकारी गेली काही वर्षे रसायनशिक्षणात 'व्यवस्थेचा विचार' आणण्याचा आग्रह धरत आहेत तो यासाठी : रेणू फ्लास्कमधून बाहेर पडल्यावर कुठे जातो, हेही रसायनशास्त्रच.

आपल्याला त्यासाठी उदाहरण शोधायला लांब जावे लागत नाही. आयबुप्रोफेनच्याच कुळातले दुसरे वेदनाशामक, डायक्लोफेनॅक. ते गुरांना दिले जाऊ लागले. मेलेल्या गुरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेले. त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली आणि शरीरात युरिक आम्ल साठले. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची भारतातली संख्या १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून पंधरा वर्षांत ९९ टक्क्यांहून अधिक घटली. कारण २००४ साली उलगडले आणि २००६ मध्ये भारताने जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी आणली. मलबार हिलवरच्या पारशी दोखम्यांची शतकांची रीत गिधाडांअभावी अडली, हेही याच साखळीतले. या गोष्टीत रसायनशास्त्रज्ञ किती ठिकाणी आहे ते मुलांना शोधायला सांगावे. रेणू घडवणारा तोच. मेलेल्या गिधाडाच्या मूत्रपिंडात त्याचा अंश मोजणाराही तोच. गिधाडांना न मारणारे मेलॉक्सिकॅम पर्याय म्हणून पारखले गेले, त्या तपासणीतही तोच. 'तुमच्या केमिकलमुळेच' या वाक्याला यातून काय उत्तर द्यायचे, हे ज्याचे त्याने ठरवावे. पण उत्तर द्यायला तीन जागा आहेत हे कळणे कमी नाही.

महाराष्ट्रात हा प्रश्न अभ्यासिकेतला राहत नाही. डोंबिवली, तारापूर, रोहा, महाड, लोटे-परशुराम. यांतल्या कितीतरी गावांत रसायनशास्त्राची पदवी ही एमआयडीसीतल्या नोकरीची किल्ली आहे. डोंबिवलीत फेब्रुवारी २०२० मध्ये रस्ता गुलाबी झालेला लोकांनी पाहिला. मे २०१६ आणि मे २०२४ मध्ये रासायनिक कारखान्यांतले भीषण स्फोट पाहिले. तिथल्या विद्यार्थ्याला प्रदूषण 'समजावून' सांगण्यात अर्थ नसतो; ते त्याच्या खिडकीतून येते. त्याचा पेच वेगळा आहे. वडील प्लांटला, आपण क्यूसीला लागणार, आणि संध्याकाळी सोसायटीच्या सभेत नाल्याच्या रंगाविषयी तक्रार चालली असताना आपण कुठल्या बाजूला बसायचे? शाश्वततेचा धडा त्याला 'कारखाना वाईट' एवढेच सांगत असेल, तर त्याने घर आणि विषय यांतून एक निवडायचे. नमुना कसा घ्यावा, सांडपाण्याचा सीओडी काय सांगतो आणि काय लपवतो, सामायिक सांडपाणी केंद्राकडे काय जाते, हे धडा शिकवत असेल, तर तो सभेत उभा राहून बोलू शकतो आणि दुसऱ्या दिवशी शिफ्टलाही जाऊ शकतो. ते सोपे असेल असे नाही. पगार देणाऱ्याकडून मिळणारी मान्यता आणि शेजाऱ्यांकडून मिळणारी मान्यता एकाच माणसाला सहसा एकदम लाभत नाही.

राहता राहिला गाळणकागदावरचा तो मातकट गाळ. २०१६ च्या घातक कचऱ्याविषयीच्या नियमांत अशा गोष्टींची वाट ठरलेली आहे, आणि तळोजे, रांजणगाव, बुटीबोरी येथे त्यासाठी सामायिक केंद्रेही आहेत. ती उभी आहेत कारखान्यांच्या टनांसाठी. कॉलेजच्या वर्षाकाठच्या पाव-अर्ध्या किलोसाठी कुणी ट्रक पाठवणार नाही. चार-पाच कॉलेजांनी एकत्र येऊन, वर्षातून एकदा, खर्च वाटून घेऊनच ते जमेल. तोवर वाळलेला गाळ रुंद तोंडाच्या बाटलीत, बूच घट्ट लावून, प्रयोगशाळेच्या कपाटात ठेवायचा. बाटलीवर चिठ्ठी हवी : आत काय आहे, किती आहे, कोणत्या तारखेचे आहे, आणि कोणत्या तुकडीने भरले.